कार्टला शेजारची सीट नसते

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. वय ४३, मुक्काम नाशिक, शाळेत नोकरी. लायसन्स काढून पंधरा वर्षं झाली, दारात छोटी गाडी उभी आहे, पण चालवतात मिस्टरच. सुरुवातीला दोन-चारदा स्टिअरिंग हातात घेतलं होतं. एकदा उड्डाणपुलाच्या चढावर गाडी बंद पडली, मागे हॉर्नचा कल्लोळ झाला, आणि त्यानंतर किल्ली हातात घेतली नाही. दिवाळीच्या सुट्टीत गोव्याला गेल्या असताना मुलाने मडगावजवळ नुवेंच्या ट्रॅकवर हट्टाने गो-कार्टमध्ये, म्हणजे ट्रॅकवर पळवायच्या बुटक्या, उघड्या छोट्या गाडीत, बसवलं. तिथे बाईंनी नवरा आणि दीर दोघांनाही मागे टाकलं. “इतकी वर्षं मला येत नाही असं वाटत होतं, आणि तिथे मला येत होतं,” असं त्या लिहितात. आता पुण्यात दहा सत्रांचं कार्टिंग पॅकेज घ्यावं का, असं त्यांच्या मनात आहे. मिस्टर म्हणतात, ती खेळण्यातली गाडी, तिचा रस्त्याशी काय संबंध? साडेसोळा वर्षांचा मुलगा म्हणतो, सगळे फॉर्म्युला वनवाले तिथेच शिकले, मलाही घाला. दहा सत्रांनी रस्त्यावरची भीती जाईल का, असा त्यांचा प्रश्न आहे.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा नुवेंच्या फेऱ्यांची मजा घेत, दुसऱ्यांदा पेन्सिल हातात घेऊन. उड्डाणपुलाचा प्रसंग तुम्ही आठ ओळींत लिहिलाय आणि त्यात मिस्टरांची पाच वाक्यं आहेत. ‘क्लच दाब.’ ‘अगं, सोड आता.’ ‘मागे बघ.’ ‘मागे काय बघतेस, पुढे बघ.’ ‘उतर, मी घेतो.’ नुवेंच्या वर्णनात मात्र कोणाचंच एकही वाक्य नाही. इंजिनाचा आवाज आहे, आणि हेल्मेटच्या आत स्वतःचा श्वास ऐकू येत होता, एवढंच.

कार्टला शेजारची सीट नसते. तुम्ही जिंकलात यात मला आश्चर्य वाटलं नाही, ते यामुळे.

तुम्ही मात्र त्यावरून असं धरून चाललात की कार्टने तुम्हाला काहीतरी शिकवलं आणि तेच आणखी दहा वेळा शिकलं की रस्ता जमेल. तिथे मी जरा अडखळते. दहा मिनिटांत कोणी गाडी शिकत नाही. जे तुमच्या हातापायांत आधीपासून होतं, ते वापरायला त्या दहा मिनिटांत कोणी आडवं आलं नाही. दुसरं, तुमची अडचण ‘गाडी येत नाही’ ही आहे असं तुम्ही पंधरा वर्षं मानलंत. पत्रावरून मला तर ती ‘गाडी बंद पडली तर काय होईल’ अशी दिसते. या दोन अडचणींची औषधं वेगळी आहेत. आणि दुसरीचं औषध कार्टवर मिळणं अवघड, कारण भाड्याच्या कार्टला पायाने दाबायचा क्लचच नसतो. ती तशी बंद पडतच नाही!

आता मिस्टरांच्या मुद्द्याकडे येते, कारण ते अर्धे बरोबर आहेत आणि अर्धे चुकताहेत.

कार्ट खेळण्यातली खरी, पण तिचा जन्म रेसवाल्यांच्या हातून झाला. कॅलिफोर्नियात रेसच्या गाड्या बांधणाऱ्या आर्ट इंगल्सने १९५६ मध्ये नळ्यांच्या सांगाड्यावर गवत कापायच्या यंत्राचं इंजिन बसवलं, आणि तिथून हा खेळ सुरू झाला. आजही ती तितकीच उघडीवाघडी आहे. तिला स्प्रिंगा नाहीत, सांगाडाच थोडा लवतो. मागच्या दोन्ही चाकांना मिळून एकच सलग दांडा असतो. आपल्या गाडीत वळणावर आतलं चाक कमी फिरतं आणि बाहेरचं जास्त, कारण मध्ये डिफरन्शियल असतं. कार्टमध्ये ते नसल्यामुळे वळताना आतलं मागचं चाक किंचित उचललं गेलं तरच ती सुखाने वळते. पॉवर स्टिअरिंग नाही, म्हणून हात भरून येतात. आपण जमिनीपासून चार बोटांवर बसलेलो असतो, म्हणून ताशी पन्नासचा वेग शंभरसारखा वाटतो.

अशा गाडीत चूक लपत नाही, आणि हा तिचा मोठा गुण. आपल्या चारचाकीत पॉवर स्टिअरिंग, मऊ सस्पेन्शन आणि जाड सीट सगळं सावरून घेतात, आपण वेडंवाकडं चालवतोय हे कळतही नाही. कार्टमध्ये वळणाच्या मधोमध ब्रेक दाबला की शेपूट फिरतं, कारण भाड्याच्या कार्टला ब्रेक बहुधा मागच्या चाकांनाच असतो. त्यामुळे एक शिस्त आपोआप लागते. ब्रेक आधी, सरळ असताना. मग वळायचं. मग बाहेर पडताना हळूहळू रेस द्यायची. हीच शिस्त कसारा घाटात उपयोगी पडते. तिथे वळणात शिरल्यावर घाबरून ब्रेक मारणारे लोक आणि वळणाआधीच वेग उतरवून घेणारे लोक नुसतं मागून पाहिलं तरी वेगळे ओळखू येतात. मागच्या सीटवरच्या पोरांना उलटी कोणाच्या गाडीत होते, हे तर विचारायलाच नको.

पण कार्टवरची सगळ्यात मोठी शिकवण डोळ्यांची आहे, आणि तुम्ही ती नकळत लिहून गेला आहात. ‘मी दिराच्या गाडीकडे बघत बसले तेव्हा त्याच्यावर जाऊन आपटले, मग पुढच्या वळणाकडे बघायला लागले आणि सुटले.’ अगदी हेच! हात नजरेच्या मागे जातात. जिथे बघाल तिथे गाडी जाते. नवीन चालवणारी माणसं बॉनेटच्या पुढच्या दहा फुटांत बघतात, खड्ड्याकडे टक लावतात आणि त्याच खड्ड्यात जातात. ट्रॅकवर हा धडा टायरच्या भिंतीवर आपटून मिळतो, आणि कोणाचं नुकसान होत नाही. तुमच्या दहा मिनिटांतून रस्त्यावर न्यायची एकच गोष्ट निवडायची झाली तर मी ही निवडेन.

आता मिस्टर कुठे बरोबर आहेत ते. कार्टला आरसे नसतात. हॉर्न नसतो. इंडिकेटर नसतो. तुम्हाला स्वतःला घेता येईल असा रिव्हर्स नसतो. सगळे एकाच दिशेने जातात, सगळ्यांना वळण कुठे आहे ते ठाऊक असतं, आणि कोणी चुकलं की झेंडा घेतलेला पोरगा धावत येतो. तुमच्या नाशिकच्या द्वारका चौकात यातलं काहीच नाही. तिथे डावीकडून स्कूटर आत घुसते, रिक्षा जिथे मनात येईल तिथे थांबते, एसटी सुटताना ड्रायव्हरचा हात खिडकीतून बाहेर येतो आणि तोच इंडिकेटर समजायचा असतो. समोरून उलट्या बाजूने येणारा माणूस आपल्यालाच डिपर मारतो. हे वाचायला शिकणं म्हणजे रस्त्यावर गाडी चालवणं. कार्ट तुम्हाला गाडी शिकवेल, माणसं शिकवणार नाही.

आणि एक गोष्ट कार्ट चक्क चुकीची शिकवते. तिथे ब्रेक डाव्या पायाखाली असतो. माझ्या भाच्यांच्या नादाने मी पहिल्यांदा कार्टमध्ये बसले, तेव्हा पंचवीस वर्षं क्लच दाबायची सवय झालेला माझा डावा पाय सवयीने खाली गेला, तोही पूर्ण. मी जागच्या जागी गर्रकन फिरले आणि भाचे अजून त्यावर हसतात. उलटंही होऊ शकतं. तासभर डाव्या पायाने ब्रेक मारून लगेच आपल्या गाडीत बसलात आणि गडबडीत डावा पाय भलतीकडे गेला, तर मागच्याची धडक ठरलेली. वेगाचंही तसंच. जमिनीलगत बसून उठल्यावर आपल्या उंच सीटवर ताशी साठ म्हणजे रांगतोय असं वाटतं. ट्रॅकवरून निघताना चहा घ्या, पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या, मगच गाडी काढा. तुमच्यासारखंच कार्टिंग करून घरी जाणाऱ्या सगळ्यांना माझं हे सांगणं आहे.

मुलाबद्दल तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मला तिथे जास्त थांबावंसं वाटतं.

तो म्हणतो ते खोटं नाही. सेना, शूमाकर, हॅमिल्टन, वेरस्टापेन हे सगळे लहानपणी कार्टवरच तयार झाले. खेळ म्हणून त्याला आवड असेल तर जरूर घाला, आपल्याकडे कोल्हापूरला मोहित्यांच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धांच्या फेऱ्याही झाल्या आहेत. पण ‘रेस शिकला म्हणजे रस्त्यावर सुरक्षित’ हे गृहीत धरू नका. अमेरिकेत १९७४ साली रेसिंगचं लायसन्स असलेल्या लोकांची रस्त्यावरची नोंद तपासली गेली. त्यांच्या नावावर त्यांच्यासारख्याच सामान्य चालकांपेक्षा अपघातही जास्त निघाले आणि वेगाचे गुन्हेही. नॉर्वेत घसरड्या रस्त्यावर गाडी सावरायचं शिक्षण नव्या चालकांना दिलं, तर तरुण मुलांचे घसरड्या रस्त्यावरचे अपघात उलट वाढले. आणि १९९६ चा स्वीडनचा एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. मुलांच्या एका गटाला अर्धा तास ब्रेक मारून गाडी वाचवण्याचं कसब शिकवलं. दुसऱ्या गटाला त्याच ट्रॅकवर एवढंच दाखवलं की तुम्हाला हे भरवशाने जमत नाही. आठवड्याने पाहिलं तर दोन्ही गटांचं कसब सारखंच होतं. फरक एवढाच, की पहिल्या गटाला आपल्याला जमतं असं वाटायला लागलं होतं.

साडेसोळाच्या मुलाच्या हातात हे ‘मला जमतं’ देणं म्हणजे काय, ते पुण्याने २०२४ मध्ये कल्याणीनगरच्या अपघातात पाहिलं आहे. ‘सोसायटीच्या आवारात चालवू दे ना’ असं तो म्हणत असेल तर आवाराचं गेट उघडं असतं हे लक्षात ठेवा. चारचाकीला अठरा पूर्ण हवीत. त्याआधी गाडीसह पकडला गेला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. तर त्याला ट्रॅकवर नेऊन आणा, आणि घरी येताना मागच्या सीटवर बसवून एकच खेळ खेळायला लावा. आता पुढचा कोण काय करणार, ते आधी सांग. तो रिक्षावाला वळणार की नाही? ते पोरगं रस्त्यात येणार का? महिनाभर हे केलं तर अठराव्या वर्षी त्याच्याकडे जे असेल, ते पॅकेज घेऊन मिळत नाही.

तुमचं दुखणं याच्या बरोब्बर उलटं आहे. स्वीडनच्या पहिल्या गटाला जे फाजील मिळालं, ते तुमच्याकडे मुळात कमी आहे. म्हणून मुलाच्या बाबतीत मला ज्याची धास्ती वाटते तोच नुवेंचा विजय तुमच्या बाबतीत मला आवडलाय. औषध तेच, पण रोगी वेगळा. कार्ट तुम्हाला थोडी मस्ती देत असेल तर घ्या.

फक्त एक गणित करा. नाशिक ते पुणे दोनशेच्या वर किलोमीटर. दहा सत्रांसाठी दहा नाही, पाच फेऱ्या धरल्या तरी जाऊन-येऊन दोन हजार किलोमीटर. हे दोन हजार किलोमीटर चालवणार कोण? तुम्ही पत्रात लिहिलंय, ‘हे नेतील म्हणालेत.’ म्हणजे ड्रायव्हिंग सुधारावं म्हणून तुम्ही दोन हजार किलोमीटर शेजारच्या सीटवर बसून जाणार, आणि ज्यांचं आधीच चांगलं आहे त्यांचं आणखी सुधारणार!

त्या पैशांचं काय करावं? ड्रायव्हिंग स्कूलकडे पुन्हा जा, पण ‘दहा दिवसांचा कोर्स’ मागू नका. मालकाला सांगा, लायसन्स आहे, मला रोज एक तास एकच शिक्षक हवा, त्याच्या बाजूला ब्रेक-क्लच असलेली गाडी हवी, आणि मला एवढंच शिकायचंय: चढावर थांबून गाडी पुढे काढणं. पहिले दोन दिवस दुसरं काहीही नको. हॅंडब्रेक ओढा, पहिला गिअर, क्लच सोडत सोडत गाडी किंचित थरथरते आणि बॉनेट नाक वर करतं त्या जागी पाय रोखा, थोडी रेस द्या, हॅंडब्रेक सोडा. ती थरथर म्हणजे गाडीने धरलं. पन्नास वेळा करा. मुद्दाम दहा वेळा गाडी बंद पाडा आणि चालू करा. तुम्हाला शिकायचंय ते हे, की गाडी बंद पडली तर काय होतं? काही होत नाही. मागचा हॉर्न वाजवतो. हॉर्नने आजवर कोणाच्या गाडीला पोचा आलेला मी पाहिला नाही.

क्लचचीच धास्ती असेल आणि पुढेमागे गाडी बदलायचा विचार असेल, तर ऑटोमॅटिक घ्या. त्यात कमीपणा काही नाही. ‘खरी गाडी गिअरचीच’ असं म्हणणारा एक मामा प्रत्येक घरात असतो, त्याला लग्नाला बोलवा, शोरूमला नको. फक्त तिथे डावा पाय पूर्ण सुट्टीवर. ब्रेक आणि रेस दोन्ही उजव्याच पायाने.

दुसरा सराव कार्टवर मिळत नाही आणि ड्रायव्हिंग स्कूलही सहसा देत नाही. २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी व्यवस्था, सक्तीचं आहे, पण ते पायाखाली कसं लागतं हे बहुतेकांना ठाऊक नसतं. शिक्षकाला घेऊन एखाद्या रिकाम्या, कोरड्या मैदानावर जा, मागेपुढे कोणी नाही हे बघा, ताशी तीस-चाळीसला ब्रेक आणि क्लच दोन्ही एकदम पूर्ण दाबा. पाय थडथडेल, खर्रर्र आवाज येईल. घाबरून पाय सोडू नका, ती व्यवस्था आपलं काम करत असते, आणि तेवढ्यात तुम्ही स्टिअरिंगही वळवू शकता. आधी तुमच्या गाडीत एबीएस आहे ना तेवढं विचारून घ्या. त्याच मैदानावर अंतराचाही अंदाज येईल. ताशी साठला गाडी एका सेकंदात सतरा मीटर जाते, म्हणजे एसटीच्या जवळजवळ दीड लांबीइतकी, आणि तोवर पाय अजून ब्रेकवर पोचलेला नसतो.

लायसन्सवरची तारीखही बघून ठेवा. मुदत संपून वर्ष उलटलं तर पुन्हा परीक्षा द्यावी लागते.

राहिले मिस्टर. त्यांच्यावर फार चिडू नका. शेजारी बसलेल्या माणसाच्या पायाखाली ब्रेक नसतो, म्हणून तो तोंडाने ब्रेक मारतो. ड्रायव्हिंग स्कूलचा माणूस शांत असतो तो संत म्हणून नव्हे, त्याच्या पायाखाली ब्रेक असतो म्हणून. पहिले महिनाभर त्यांना गाडीत घेऊ नका. त्यानंतर घ्या ते मागच्या सीटवर, आणि बोलायला एकच शब्द द्या, ‘थांब’. तोही खरंच आपटणार असाल तेव्हाच. आधी घरी, चहा घेताना, हे ठरवा. गाडीत बसल्यावर ठरवलेलं टिकत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

आणि हे सगळं करून पुण्याला जायचंच असेल तर जा, महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, मजा म्हणून. कंबर किंवा मानेचं दुखणं असेल तर मात्र नको, कार्ट फार हादरवते. केस घट्ट बांधून हेल्मेटखाली, कॉलरच्या आत. ओढणी, साडी, स्टोल काही नाही. २०१८ मध्ये हरियाणातल्या पिंजोरला आणि २०२० मध्ये हैदराबादजवळ केस कार्टमध्ये अडकून दोन तरुणींचा जीव गेला आहे. ट्रॅकवाला ‘चालतंय हो’ म्हणाला तरी तुम्ही नाही म्हणा. आणि जाल तेव्हा निम्मा रस्ता तरी गाडी तुमच्या हातात असू द्या.

पण त्याला अजून वेळ आहे. ड्रायव्हिंग स्कूलचे पंधरा दिवस झाले की पहिल्या रविवारी सकाळी सहाला उठा. त्या वेळी गंगापूर रोडला गर्दी कमी असते. कोणाला उठवू नका, किल्ली घ्या आणि दूध आणायला जा. दूध खाली कोपऱ्यावरच मिळतं हे मला माहीत आहे. जरा लांबच्या डेअरीतून आणा.